आवतानाची यादी

बाबा, सकाळी शाळेला निघताना माझे बूट तुझ्या हातात असायचे. घरापासून ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत बांधावरून पायवाट होती आणि पाऊस जाऊन दोन महिने झाले तरी तिथला चिखल वाळत नसे. मी अनवाणी पुढे, तू मागे. एका हातात माझे काळे बूट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. रस्त्याला लागलो की मैलाच्या दगडावर मला बसवून तू माझे पाय धुवायचास, खांद्यावरच्या पंच्याने बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपायचास आणि पांढरे मोजे चढवायचास. बुटांची नाडी तेवढी तुला जमत नसे, ती मी बांधायचे. मग ठाण्याची एसटी यायची. त्या गाडीत आमच्या कॉन्व्हेंटच्या दोन मुली आधीपासून बसलेल्या असत, म्हणून मी खिडकीतून कधी तुला हात केला नाही. तू मात्र गाडी वळेपर्यंत तो ओला पंचा हलवत उभा असायचास. मुलींनी एकदा विचारलं, तो माणूस कोण? मी म्हटलं, आमच्या शेतावर असतो. तसं ते खोटंही नव्हतं.

घरात आम्ही सगळे तुला तूच म्हणायचो. शाळेत शिकले की चांगल्या घरात वडिलांना अहो-जाहो करतात, तेव्हा एका रविवारी जेवताना मी तुला म्हटलं, तुम्ही भात घ्या. तुझा हात ताटातच थांबला. तू म्हणालास, "मी काय पावना हाय?" आयुष्यात तू मला रागावलास ते तेवढंच. त्यानंतर तू असेपर्यंत मी तुला तुम्हीच म्हणत राहिले, कारण तोवर मला त्याची सवय झाली होती आणि मला वाटायचं की सवय तुलाही झाली असेल. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले आणि हात आपोआप 'तू'कडे वळला. तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली, आता रागावणार नाहीस.

लिहायचं कारण तुझी नात आहे. धाकट्याची मुलगी. तू गेलास त्यानंतर सहा वर्षांनी झाली, तुझ्यासारखी रुंद कपाळाची. यंदा बी.कॉम. झाली. गणपतीत आपल्या गावी, तळवलीला, गेले होते तेव्हा स्वयंपाकघरात मोदकाची पारी वळता वळता तिने मला विचारलं की आत्या, फायनान्समध्ये नक्की कुठे जाऊ? बँक, इन्शुरन्स, शेअरवाले, की ऐरोलीला बॅक-ऑफिस? सगळे वेगवेगळं सांगतात, टेन्शन आलंय नुसतं. आमच्या घरात ह्या धंद्यातली मी एकटीच, सदतीस वर्षं ह्यात काढलेली. तिला दुसरं कोण सांगणार होतं? मी सरळ उत्तर द्यायला हवं होतं. ते न देता मी तिला म्हटलं, पुढच्या आठवड्यात तुमच्या कॉलेजात माझं व्याख्यान आहे, सगळ्यांबरोबर येऊन बस. तिथेच कळेल.

अशी व्याख्यानं मी वर्षाला वीसेक तरी देते. वाशी, नेरूळ, पनवेल, उरणपर्यंत. मागे फलक असतो, वित्तसेवा क्षेत्रातील करिअरच्या वाटा. मी सगळ्या वाटा दाखवते. बँकेच्या खिडकीमागची नोकरी, जिथे परीक्षा देऊन जावं लागतं आणि जिथून मग कोणी हलत नाही. म्युच्युअल फंडाचं प्रमाणपत्र, ज्यावर स्वतःचं छोटं दुकान थाटता येतं. शेअर दलालाच्या कार्यालयात दुसऱ्याच्या सांगण्यावरून खरेदी-विक्रीची बटणं दाबायचं काम. कर्जाच्या वसुलीसाठी दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खायचं काम. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत ग्राहकांचे फोटो, पत्ते, सह्या जुळवून बघायचं काम, ज्याला पगार थोडा पण कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आणि शेवटी आमची कंपनी. विमा आणि बचत योजना, पदवी हातात पडताच नेमणूक, कार्डावर मोठं पद, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मुलं इथे मान वर करतात. मी सांगते की पहिल्या दिवशी कोरा कागद मिळेल, त्यावर ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहायची, जवळच्यापासून सुरुवात करायची. बस, एवढंच भांडवल.

जे मी सांगत नाही ते तुला सांगते. आम्ही मुलांची पदवी बघतच नाही. आम्हाला त्यांचे मामा, मावश्या, शाळेतले मास्तर, समोरच्या खोलीतली शेजारीण हवी असते. ह्याला आमच्यात नॅचरल मार्केट म्हणतात. मावशी भाचीला नाही म्हणू शकत नाही, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे. शंभर नावं संपायला मुलाला सात-आठ महिने लागतात. मग ते रोज सकाळच्या बैठकीत उभं राहून आज काय आणणार ते सांगू शकत नाही, आणि त्याला रोज उभं केलं जातं. वर्षाच्या आत ते आपणहून जातं. जाताना नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय उरलेली नसते. त्याच्या खुर्चीवर नवी शंभर नावं घेऊन नवं मूल बसतं. मी कित्येकांना अशी खुर्ची दिली. त्यातली काही आता रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जातात. मला त्यांची नावं आठवत नाहीत. त्यांच्या याद्या चाळल्या की आठवतात.

व्याख्यान कंटाळवाणं होऊ लागलं की मी एक गोष्ट सांगते. ती तुझी आहे. आधी खरी कशी घडली ती लिहिते, कारण सभागृहात सांगून सांगून ती इतकी घोटीव झाली आहे की मलाच कधी कधी तीच खरी वाटते.

मी बी.कॉम. झाले तेव्हा आपल्याकडची जमीन नव्या शहरासाठी गेलेली होती आणि तू रस्त्यापलीकडच्या केमिकल फॅक्टरीत फाटकावर होतास. पण गावात तुझं खरं काम वेगळंच होतं. कोणाच्याही घरी हळद असो, लग्न असो, आवतान घेऊन तू जायचास. कुठलं घर आधी, कुठलं नंतर, कोणाला सगळ्या घराचं चूलबंद आवतान, कोणाच्या घरातल्या एकट्याच म्हातारीला वेगळं सांगावं लागतं, हे सगळं तुझ्या डोक्यात. तू अंगणात उभा राहून टोपी सारखी करायचास आणि म्हणायचास, सगल्यांनी यावं, चूल पेटवू नका. त्याला गावात कोणी नाही म्हणत नसे. घरात सुतक असेल, भांडण असेल, तरी आवतानाला नाही म्हणायची रीत नव्हती. यायला जमलं नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी येऊन तसं सांगून जाई.

वाशीच्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बचत योजना विकणाऱ्या कंपनीचं कार्यालय होतं. मला इंग्रजी येत होतं म्हणून त्यांनी लगेच घेतलं आणि शंभर नावांचा कागद दिला. मला आपल्या आळीपलीकडची वीस माणसंही नीट ठाऊक नव्हती. सिस्टरांच्या शाळेत मी ती विसरायलाच शिकले होते. रविवारी दुपारी आई चुलीपुढे चिंबोऱ्या साफ करत होती, मी दारात पाट घेऊन बसले आणि तुला म्हटलं, नावं सांगा. तू विचारलंस, कशाची? मी म्हटलं, कंपनीला आपल्या माणसांची यादी हवी आहे. तुझा चेहरा उजळला. पोरीच्या साहेबाला आपली माणसं माहीत करून घ्यायची आहेत, असंच तुला वाटलं. तू हात धुऊन आलास, टोपी घातलीस आणि मांडी घालून बसलास.

"पैलं देवीचं लिव," तू म्हणालास. "मंग गेलेल्यांचं. मंग जित्यांचं."

मी म्हटलं, गेलेल्यांचं कशाला? तू म्हणालास, "गेलेल्यांना नाय बोलावलं तं जित्यांनी कनच्या तोंडानं यावं?" आणि चुलीकडून आईसुद्धा म्हणाली की बरोबर हाय त्यांचं. मग तू डोळे मिटून सांगत गेलास. देवी. तुझे आजोबा. मिठागरावर साप चावून गेलेला चुलता. खाडीत बुडालेले दोघे भाऊ, आधी थोरला, मग धाकटा. बाळंतपणात गेलेली माझी मावशी, तिचं नाव सांगून तू तिच्या न जगलेल्या मुलाचंही नाव सांगितलंस, जे बारसं व्हायच्या आधी तिने मनात ठरवून ठेवलं होतं. अशी एकतीस गेलेली माणसं. मग अडुसष्ट जिती. मी सगळी लिहिली, उभ्या रेघेच्या कागदावर, सिस्टरांनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात. तेव्हा मला ते विचित्र वाटलं नव्हतं, हे मला लिहून ठेवायचं आहे. त्या दुपारी तुझ्यासमोर बसून मला ते अगदी बरोबर वाटलं होतं.

सोमवारी तू फॅक्टरीत खाडा करून माझ्याबरोबर वाशीला आलास. आवतानाचा कागद पोरीच्या एकटीच्या हाती पाठवत नाहीत म्हणालास. धुतलेली टोपी, पांढरा सदरा. मी तुला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. केबिन म्हणजे तरी काय, अर्धी काच आणि वर मोकळं. साहेब पुण्याकडचे होते, इंग्रजीच बोलायचे. त्यांनी यादी वाचली आणि ते हसले. खुर्ची मागे टेकवून, चष्मा काढून, डोळे पुसत हसले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून त्यांनी ती नावं वाचून दाखवली. देवीचा हप्ता कोण भरणार, असं एकजण म्हणाला. बुडालेल्या भावांना समुद्राचा विमा लागेल, असं दुसरा म्हणाला. आणि मीही हसले, बाबा. शाळेत आम्हाला हसायचंसुद्धा शिकवलं होतं, तोंडावर हात ठेवून, दात न दाखवता. तसं हसले. काचेच्या वरून ते सगळं बाकापर्यंत जात होतं. साहेब म्हणाले, ही बत्तीस काढून टाक आणि त्यांच्या जागी श्वास घेणारी आण. मी बाहेर आले तेव्हा तू उभा राहिलास.

"सायेब खूश झाला ना गो?" तू विचारलंस. "हासन्याचा आवाज आयला."

मी म्हटलं, हो, खूप.

मग तू माझ्याबरोबर त्या अडुसष्ट घरी आलास. मला वाटलं होतं तू नुसता वाट दाखवशील. पण तू प्रत्येक अंगणात टोपी सारखी करून उभा राहिलास आणि आवतानाच्याच आवाजात म्हणालास, पोरीचं काम हाय, सगल्यांनी यावं. लोक बाहेर आले. कुठे सही करायची, कुठे अंगठा, मी दाखवत गेले. कोणी वाचलं नाही, कोणी काही विचारलं नाही. तू दारात आला होतास आणि तुला नाही म्हणायची रीत नव्हती. मला कळत होतं की ते योजनेत येत नाहीयेत, तुझ्या बोलावण्याला येतायत. मला पहिल्याच घरी कळलं होतं. मी दुसऱ्या घराकडे निघाले. महिन्याभरात मी वाशीच्या कार्यालयात पहिली आले आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मला चांदीचा मुलामा दिलेलं पेन दिलं.

ती योजना महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांसाठी होती. मिठागरावर आणि मासळीवर जगणाऱ्याकडे पावसाळ्यात काही नसतं. पहिल्याच पावसाळ्यात हप्ते चुकले. कंपनीच्या नियमाप्रमाणे कागद बाद झाले आणि भरलेले पैसे बुडाले. मी नियम वाचलेला होता. तोवर मला बढती मिळून मी नव्या मुलांना शिकवायला बसले होते आणि पनवेलला खोली घेऊन राहत होते. बाद झालेले कागद घेऊन लोक तुझ्याकडे आले. माझ्याकडे एकही आला नाही, कारण बोलावणं तुझं होतं.

पुढच्या लग्नसराईत आवतान दुसऱ्याकडे गेलं. कोणी तुला तसं तोंडावर सांगितलं नाही. एके दिवशी दुसराच माणूस टोपी घालून अंगणाअंगणातून फिरताना दिसला, इतकंच. आई सांगायची, तू ओट्यावर बसून ऐकायचास आणि त्याने एखादं घर चुकीच्या क्रमाने घेतलं की बोटं मोडायचास. समोरच्या घरच्या हळदीचं आवतान आपल्याकडे सगळ्यात शेवटी आलं, अंगणात नाही, रस्त्यावरूनच हाक मारून. तरी तू उठलास, टोपी घातलीस आणि गेलास. मी त्या दिवशी घरी आले होते, म्हणून बरोबर होते. मांडवात पंगतीला बसलो तेव्हा वाढायला आलेल्या त्या घरच्या म्हातारीने, जिच्या अंगठ्याला मीच शाई लावली होती, पातेलं तुझ्या पानाजवळ आणून तसंच धरून ठेवलं. ती तुझ्याशी बोलत होती, बघत माझ्याकडे होती. "आज कनची कागदं आनलीस रं? का नुसता जेवाला आयलास?" पंगत हसली. तू पण मान खाली घालून थोडं हसलास. मग तिने वाढलं. तू सगळं जेवलास, पानात काही टाकलं नाहीस. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि मांडवाबाहेर जाऊन उभी राहिले. परत येताना वाटेत तू एवढंच म्हणालास की मटान बेस व्हतं.

त्यानंतर तू कोणाच्या हळदीला गेला नाहीस. आणखी आठ वर्षं जगलास. तू गेलास तेव्हा गाव आलं, मी खोटं सांगणार नाही, बरंच गाव आलं. पण दहाव्याला बोलावणं करायला कोणाला पाठवायचं ते आम्हाला सुचेना, आणि धाकटा कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला. त्याने सायकलवरून जमेल तसं सांगितलं. क्रम चुकला. सात-आठ घरं आली नाहीत.

ही गोष्ट मी पंचवीस वर्षं मुलांना हसवायला वापरते. माझ्या सांगण्यात ती कोणा एका उमेदवाराच्या वडिलांची असते, गावातला भाबडा माणूस, डोक्यावर टोपी, बाहेरच्या बाकावर वाट बघत बसलेला. मी तुझा आवाज काढते. पैलं देवीचं लिव. सभागृह हसतं. मग मी हात वर करून म्हणते, मुलांनो, यादीत फक्त जिवंत माणसं लिहा, आणि पुन्हा हशा. कधीही न चुकणारी जागा आहे ती.

ह्या वेळी तिसऱ्या रांगेत तुझी नात होती. तीही हसली. मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून हसली, आणि मी, बाबा, तिच्याकडे बघून तुझा आवाज जरा जास्तच रंगवला. ती हसते तेव्हा तुझ्यासारखी दिसते, ते बघायचा मोह झाला म्हणायचं.

दोन दिवसांनी धाकट्याचा फोन आला. तो आता चार खोल्यांचं भाडं खातो, पोट सुटलंय, पण बोलतो अजून तुझ्यासारखंच. ताय, म्हणाला, ती गोष्ट तू किती वरसं सांगतेस? मी सांगितलं. जेवताना पोरगी हसत हसत सांगत होती म्हणे. त्याने तिला फक्त सांगितलं की तो माणूस कोण आणि ती उमेदवार कोण. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "ताट उचलून मोरीत ठेवलं."

मी तिला फोन केला नाही. उद्या करू असं म्हणत दोन आठवडे गेले. मग वाशीच्या शाखेतून व्यवस्थापकाचा फोन आला. तो माझाच विद्यार्थी, गोष्ट त्याला पाठ आहे. हसूच आवरत नव्हतं त्याला. मॅडम, तुमची गोष्ट खरी निघाली, म्हणाला, आज मुलाखतीला एक मुलगी आली आहे, बाहेर बसली आहे, तिने खरंच देवीपासून यादी आणली आहे. ऐका. आणि तो वाचू लागला. देवी. त्याखाली तुझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग माझ्या आईचं. मग पोरीच्या आजोळचे कोणी. तो प्रत्येक नावाला थांबून हसत होता आणि फोन लाउडस्पीकरवर होता, कारण मागे आणखी दोघे-तिघे हसताना ऐकू येत होते. वाशीचं ते कार्यालय मला ठाऊक आहे, आता काच वरपर्यंत आहे, पण दार बंद होत नाही. मग तो एकदम थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "गेलेल्यांत शेवटचं नाव तुमचं आहे."

मागचं हसणं थांबलं. त्याने लाउडस्पीकर बंद केला असावा, कारण आवाज जवळ आला. काही चुकलं असेल, म्हणाला, नावासारखं नाव असेल. मी म्हटलं, नाही, माझंच आहे, माझी भाची आहे ती. आणि मग मी हसले. फोनवर तोंडावर हात ठेवायची गरज नसते, तरी हात गेलाच. तो सुटल्यासारखा हसला. मग त्याने विचारलं, मुलगी चुणचुणीत आहे, बोलायला धीट आहे, गावात मोठं गोत आहे, घेऊ का? मी म्हटलं, नको घेऊ.

संध्याकाळी ती करंजाड्याला माझ्या घरी आली. चपला दारातच ठेवून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. तिने एकच विचारलं. "आत्या, माझ्या भल्यासाठी नाही म्हणालीस, का नाव वाचलं म्हणून?" मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. शंभर घरांत तुझं नाव घेऊन फिरण्यापासून मी तिला वाचवलं, असं मी स्वतःला सांगते आणि ते मला पटतंही. मग आठवतं की 'नको' म्हणताना मला किती बरं वाटलं होतं. ती म्हणाली, मला ती नोकरी नकोच होती, मला फक्त ते हसतात का ते बघायचं होतं. हसले, म्हणाली. आजोबांना बाकावर कसं वाटलं असेल ते कळलं. मी म्हटलं, त्यांना वाटलं साहेब खूश झाले. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. चपला घालून निघून गेली.

आता ती ऐरोलीला बॅक-ऑफिसात जाते. धाकटा सांगतो की दिवसभर लोकांचे फोटो आणि सह्या जुळवून बघते, आणि खातेदार वारला असेल तर त्याचं नाव वेगळं काढून वारसाला पत्र पाठवते. चांगली नोकरी आहे. मी सुचवली असती तर हीच सुचवली असती. गणपतीत, मोदक वळताना, दोन वाक्यांत सांगता आली असती.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते. टेबल आवरताना माझा स्वतःचा फॉर्म सापडला, त्यात नॉमिनीचा रकाना कोरा. हजारो लोकांकडून मी तो भरून घेतला, बोट ठेवून, इथे लिहा, तुमच्यामागे कोणाला. तर आता तुझ्यासमोर बसून सांगते, जसं तू डोळे मिटून सांगितलंस तसं.

करंजाड्याचं घर धाकट्याला. त्याने ते भाड्याने दिलं तरी चालेल, देईलच. माझ्या हातातल्या दोन्ही पाटल्या समोरच्या घरच्या त्या म्हातारीच्या सुनेला द्याव्यात. म्हातारी आता नाही, आणि सुनेला कारण विचारायची गरज वाटणार नाही. चांदीच्या मुलाम्याचं पेन कोणाला देऊ नये, त्याचा मुलामा केव्हाच गेला आहे. शाळेतलं इंग्रजी वक्तृत्वाचं पदक सिस्टरांना परत करावं, त्यातली कोणी असेल तर. तुझा पंचा माझ्या कपाटात सगळ्यात खाली आहे, तो माझ्याबरोबर जाऊ दे. त्याच्या घडीत यादी आहे, उभ्या रेघेच्या कागदावरची, एकतीस गेलेले आणि अडुसष्ट जिते, आणि सगळ्यांच्या वर देवी. ती तुझ्या नातीला द्यावी. आतापर्यंत त्या अडुसष्टांतलेही बरेच वर गेले, तिला क्रम नीट लावता येईल.

आणि यादी देताना तिला हे सांगावं, हे पत्र कोणाला जाणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते. साहेबांनी यादी वाचली तेव्हा ते आपणहून हसले नव्हते. पुण्याकडच्या माणसाला तळवलीतलं कोण जितं आणि कोण गेलेलं, हे कुठून ठाऊक असणार? देवीचं नावसुद्धा त्यांनी एखाद्या बाईचं समजून वाचलं. शंभर नावं मोजून ते चांगली आहे म्हणाले आणि कागद खणात ठेवायला लागले. मग मी टेबलावर वाकले आणि कोण कोण मेलेलं आहे, ते बोट ठेवून एकेक त्यांना दाखवलं.